न्यायाधीशच आरोपीच्या पिंजऱ्यात : ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ समजून घेताना

माझा मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला. जगातली कुठलीही बातमी तो फायलीच्या नजरेने वाचतो. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन यांच्या नावाने अटक वॉरंट काढलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्या नावाने काढलं. दोन्ही वेळा मामाचा प्रश्न तोच : “वॉरंट काढलं हे ठीक, पण बजावणार कोण? यांचा पोलीसपाटील कुठाय?”

प्रश्न चोख होता. उत्तर देता देता मी दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर खटले चालले त्या न्यूरेंबर्गपर्यंत मागे गेले आणि तिथेच अडकले. शेवटी एका रविवारी दुपारी दोघं मिळून १९६१ चा ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ बघायला बसलो. काळापांढरा, तीन तासांचा, बहुतेक सगळा एकाच कोर्टाच्या खोलीत घडणारा. मला वाटलं मामा अर्ध्या तासात घोरायला लागेल. तो सरसावून बसला आणि मध्यावर एकच वाक्य बोलला : “अगं, पण यांनी तर नुसती सही केलीय.”

त्या एका वाक्याभोवतीच तो अख्खा सिनेमा फिरतो, आणि ज्या खऱ्या खटल्यावर तो बेतलाय तो खटलाही.

न्यूरेंबर्गचा खटला एक नव्हता

बहुतेकांच्या डोक्यात न्यूरेंबर्ग म्हटलं की गोअरिंग, हेस, रिबेनट्रॉप ही हिटलरच्या जवळची मंडळी येतात. तो पहिला आणि मोठा खटला. २० नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला, १ ऑक्टोबर १९४६ ला निकाल लागला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार जेत्या देशांचे न्यायाधीश होते. २२ जणांचा निकाल लागला : १२ जणांना फाशी, ७ जणांना कैद, ३ निर्दोष.

जागा न्यूरेंबर्गच का? नाझी पक्षाचे प्रचंड मेळावे याच शहरात भरत आणि ज्यूंचे नागरी हक्क काढून घेणारे १९३५ चे वंशकायदे इथेच जाहीर झाले, हे खरं. पण व्यवहारातलं कारण साधं होतं. बॉम्बफेकीने बेचिराख झालेल्या त्या शहरात न्यायालयाची मोठी इमारत बऱ्यापैकी उभी राहिली होती आणि तिला लागूनच तुरुंग होता.

पहिला खटला संपल्यावर त्याच इमारतीत एकट्या अमेरिकनांनी आणखी १२ खटले चालवले. कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवर, गुलामांकडून कारखाने चालवून घेणाऱ्या उद्योगपतींवर, सेनाधिकाऱ्यांवर. त्यातला तिसरा खटला न्यायखात्यातल्या लोकांवर होता : न्यायाधीश, सरकारी वकील आणि न्यायमंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी. मार्च ते डिसेंबर १९४७ असा तो चालला. आपला सिनेमा यावर आहे.

पडद्यावरचं किती खरं?

दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर, लेखक ॲबी मान. आधी १९५९ मध्ये हे टीव्हीनाटक म्हणून दाखवलं गेलं होतं. त्याचा एक प्रायोजक गॅस कंपन्यांची संघटना होती, म्हणून ‘गॅस चेंबर’मधला ‘गॅस’ हा शब्द प्रक्षेपणात मुका केला गेला. लाखो माणसं कशाने मारली ते सांगायचं नाही, कारण जाहिरातदाराला वाईट वाटेल! मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आपल्याकडे असा शेरा फोनवर सांगतात, कागदावर लिहीत नाहीत.”

सिनेमात आरोपी चार आहेत, प्रत्यक्षात १६ होते. एकाने खटल्याआधी आत्महत्या केली, एक आजारपणामुळे वगळला गेला, १४ जणांचा निकाल लागला. सिनेमातला काळ १९४८ चा केलाय, म्हणजे सोव्हिएत संघाने केलेली बर्लिनची नाकेबंदी पार्श्वभूमीला घेता येते. सिनेमात चौघांनाही जन्मठेप होते. प्रत्यक्षात १० दोषी ठरले, त्यातल्या चौघांना जन्मठेप झाली, बाकीच्यांना ५ ते १० वर्षं, आणि चौघे सुटले. फाशी कोणालाच नाही.

सुटलेल्यांपैकी एकाची गोष्ट मामाला फार आवडली. हेरमान कुहोर्स्ट हा श्टुटगार्टच्या विशेष न्यायालयाचा प्रमुख, कठोरपणाबद्दल कुप्रसिद्ध. पण हवाई हल्ल्यात तिथल्या न्यायालयाची इमारत जळाली आणि त्याने चालवलेल्या खटल्यांची कागदपत्रंही गेली. कागद नाही तर पुरावा नाही, म्हणून तो निर्दोष. “रेकॉर्ड जळालं की माणूस सुटतो, हे सगळीकडे सारखंच,” मामा म्हणाला. मला मात्र यात त्या न्यायालयाचं कौतुकही वाटतं. नुसत्या बदनामीवर शिक्षा द्यायची नाही, एवढं पथ्य त्यांनी पाळलं.

या न्यायाधीशांनी केलं तरी काय?

सिनेमात एक फेल्डनस्टाइन प्रकरण आहे. एका वृद्ध ज्यूचा एका तरुण जर्मन मुलीशी संबंध असल्याचा आरोप आणि देहदंड. हे जवळजवळ जसंच्या तसं घडलेलं आहे, आणि ते सविस्तर सांगायला हवं, कारण कायद्याच्या कलमांनी माणूस कसा मारता येतो हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसत नाही.

लेओ कात्सनबेर्गर हा न्यूरेंबर्गमधला चपलाबुटांचा मोठा व्यापारी आणि तिथल्या ज्यू समाजाचा प्रमुख, वय साठीच्या पुढचं. इरेने सायलर ही त्याच्या मित्राची मुलगी. ती छायाचित्रकार होती आणि त्याच्याच इमारतीत भाड्याने राहत होती. वडीलधाऱ्या माणसाने मुलीला खाऊ द्यावा, अडीअडचणीला मदत करावी, तसं नातं असल्याचं दोघंही सांगत होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कुजबुज सुरू केली. तक्रार झाली.

आता गंमत बघा. गंमत म्हणायलाही जीभ वळत नाही खरी. १९३५ च्या वंशकायद्यानुसार ज्यू आणि जर्मन यांच्यातल्या शरीरसंबंधाला शिक्षा होती ती तुरुंगवासाची. देहदंड नव्हता. शिवाय संबंधाचा पुरावाही नव्हता. पण प्रकरण ओस्वाल्ड रोटहाउग या न्यायाधीशाकडे गेलं आणि त्याला देहदंडच द्यायचा होता. मग त्याने दुसरा कायदा शोधला. युद्ध सुरू झाल्यावर, सप्टेंबर १९३९ मध्ये, काढलेला एक वटहुकूम होता : हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे बंद ठेवलेले असतात, त्या अंधाराचा फायदा घेऊन कोणी गुन्हा केला तर देहदंड देता येईल. हा वटहुकूम अंधारात दुकानं फोडणाऱ्यांसाठी होता. कात्सनबेर्गर एकदा संध्याकाळी अंधार पडल्यावर तिच्या घरी गेला होता, एवढ्यावर दोन कायद्यांची मोट बांधली गेली.

राहता राहिली इरेने. ती साक्षीला उभी राहून “असं काही नव्हतं” म्हणाली असती तर पंचाईत झाली असती. म्हणून तिलाच खोटी शपथ घेतल्याबद्दल सहआरोपी केलं आणि दोन्ही खटले एकत्र चालवले. आता तिचा शब्द म्हणजे आरोपीचा शब्द. मार्च १९४२ मध्ये निकाल लागला आणि जूनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. इरेनेला दोन वर्षांची कैद. १९४७ मध्ये तिने त्याच न्यूरेंबर्गमध्ये, आता रोटहाउगच्या विरुद्ध, साक्ष दिली.

सिनेमात ही भूमिका ज्युडी गार्लंडने केलीय. बचावाचा वकील हान्स रोल्फ, म्हणजे मॅक्सिमिलियन शेल, तिची उलटतपासणी घेतो. याच कामासाठी शेलला ऑस्कर मिळालं. रोल्फ जर्मन आहे, हुशार आहे, मनाने वाईट नाही. पण अशिलाला वाचवायच्या भरात तो तिच्यावर असा तुटून पडतो की नाझी कोर्टात तिचे जे हाल झाले होते तेच पुन्हा सुरू होतात. तेव्हा आतापर्यंत मूग गिळून बसलेला मुख्य आरोपी, विद्वान न्यायाधीश यानिंग, उभा राहतो आणि हे थांबवायला सांगतो. आपल्याच वकिलाला. यानिंग झालेला बर्ट लँकेस्टर तोवर जवळजवळ दोन तास नुसता बसून असतो. त्या उभं राहण्यासाठी ते दोन तास खर्ची घातलेत, असं मला वाटतं.

चुकीचा निकाल दिला म्हणून न्यायाधीशाला तुरुंगात टाकायचं का?

हा पहिला आणि खरोखर अवघड आक्षेप. कोणत्याही शहाण्या देशात न्यायाधीशाला निकालाबद्दल संरक्षण असतं. आपल्याकडे जुन्या दंड संहितेत कलम ७७ होतं, नव्या न्याय संहितेतही तशी तरतूद आहे : न्यायाधीशाने न्यायदानाचं काम करताना, आपल्याला अधिकार आहे असं प्रामाणिकपणे समजून केलेली कृती गुन्हा ठरत नाही. हे नसेल तर हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशावरच खटला भरेल आणि कोणीही निर्भयपणे निकाल देणार नाही.

क्रिकेटचा पंच चुकीचा पायचीत देतो, तेव्हा आपण त्याला शिव्या देतो पण अटक करत नाही. मात्र पंचाने सामन्याआधीच एका संघाच्या मालकाशी बसून कोणाला बाद द्यायचं हे ठरवलं असेल, तर? मग तो पंच उरलाच नाही. पांढरा कोट घातलेला त्या संघाचा बारावा खेळाडू झाला.

खऱ्या न्यायालयाने असाच विचार केला. न्यायाधीशाचं संरक्षण स्वतंत्र न्यायाधीशासाठी असतं. जो आरोपीचा वंश बघून शिक्षा आधीच ठरवतो, जो सरकारच्या इच्छेसाठी कलमं वाकवतो, तो त्या छत्राखाली येत नाही. त्यांच्यावरचा आरोप ‘चुकीचे निकाल दिले’ असा नव्हता. छळाची आणि हत्येची सरकारी योजना राबवायला न्यायालय हे हत्यार म्हणून वापरलं, असा होता. निकालपत्रातलं एक वाक्य गाजलं : खुन्याचा खंजीर न्यायाधीशाच्या झग्याखाली लपवलेला होता.

“पण तेव्हा तोच कायदा होता ना!”

हा दुसरा आक्षेप, आणि वकील मंडळींचा आवडता. याला एक पारिभाषिक शब्द आहे : पूर्वलक्षी कायदा. म्हणजे आज कायदा करून कालच्या कृत्याला शिक्षा देणं. आपल्या घटनेच्या कलम २० मध्ये याला स्पष्ट मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. सोसायटीने जूनमध्ये ठराव केला की फाटकात स्कूटर लावायची नाही, तर जानेवारीत लावलेल्या स्कूटरचा दंड तुमच्याकडून घेता येत नाही.

पण समजा, जानेवारीत तुम्ही शेजाऱ्याला जिन्यावरून ढकलून दिलंत. तेव्हा “जिन्यावरून ढकलू नये असा सोसायटीचा ठराव कुठे होता?” असं विचारता येईल का? खून हा गुन्हा आहे हे जर्मनीच्या दंड संहितेत नाझींच्या आधीही होतं आणि त्यांच्या काळातही होतं. ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे नाव नवं होतं. ते कृत्य वाईट आहे हे कळायला कोणालाही १९४५ ची वाट बघायची गरज नव्हती, या न्यायाधीशांना तर नाहीच. ते गल्लीतले गुंड नव्हते. फ्रान्झ श्लेगेलबर्गर, या खटल्यातला सर्वांत मोठा आरोपी, १८७६ मध्ये जन्मलेला, डॉक्टरेट मिळवलेला, कायद्यावरची जाडजूड भाष्यं लिहिणारा माणूस. नाझी सत्तेत आले तेव्हा त्याची नोकरीची बरीच वर्षं होऊन गेली होती. बदललेला कायदा किती बदललाय, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

गुस्टाव राडब्रुख या जर्मन कायदेपंडिताने १९४६ मध्ये यावर एक मांडणी केली. कायदा वाईट असला तरी साधारणपणे तो पाळावा, नाहीतर गोंधळ माजेल. पण कायदा आणि न्याय यांच्यातलं अंतर असह्य झालं, समानतेचं तत्त्वच मुद्दाम पायदळी तुडवलं गेलं, तर तो कागद कायदा म्हणवून घ्यायला लायक उरत नाही. ‘असह्य’ कधी झालं हे ठरवायचं कोणी, हा प्रश्न त्यानेही पूर्ण सोडवलेला नाही, हे मान्य करायला हवं.

“वरून हुकूम आला तर खालचा काय करणार?”

“नुसती सही केलीय” म्हणताना मामाच्या मनात हाच प्रश्न होता. त्याच्या आयुष्यात साहेबाने पेन्सिलीने शेरा मारायचा आणि याने शाईने नोट टाकायची, असं शेकडो वेळा झालं असणार. नकार दिला तर काय? बदली. जास्तीत जास्त निलंबन. पण हिटलरच्या राज्यात नकार म्हणजे मृत्यूच ना?

पहिल्या मोठ्या खटल्याच्या सनदेतच याचं उत्तर लिहून ठेवलं होतं : वरिष्ठाचा हुकूम होता म्हणून कोणी जबाबदारीतून सुटत नाही. शिक्षा कमी करताना फार तर त्याचा विचार करता येईल.

‘नकार म्हणजे मृत्यू’ हे गृहीतक तपासायला एक माणूस उपयोगी आहे. लोथार क्रायसिग. ब्रांडेनबुर्ग गावातला साधा न्यायाधीश. मनोरुग्णांच्या पालकत्वाची प्रकरणं त्याच्याकडे असत. १९४० मध्ये त्याच्या लक्षात आलं की त्याच्या अखत्यारीतले रुग्ण एकामागून एक मरताहेत. संस्थांमधून मृत्यूची पत्रं येताहेत. त्याने संशय घेतला तो बरोबर होता : अपंग आणि मनोरुग्णांना ठार मारण्याची गुप्त सरकारी मोहीम सुरू होती. त्याने न्यायमंत्र्याला पत्र लिहिलं. मोहिमेच्या प्रमुखाविरुद्ध खुनाची तक्रार केली. रुग्णांना हलवू नये असे आदेश काढले. न्यायमंत्री गुर्टनर याने त्याला बोलावून हिटलरचं सहीचं पत्र दाखवलं. क्रायसिगने ते कायदा म्हणून मानायला नकार दिला. फ्यूररची, म्हणजे हिटलरची, इच्छा कायदा वाटत नसेल तर तुम्हाला न्यायाधीश राहता येणार नाही, असं मंत्र्याने सुनावलं.

आणि मग त्याला सक्तीने निवृत्त केलं. बस्स.

मराठी माणसाला इथे रामशास्त्री आठवल्याशिवाय राहत नाहीत. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुण्याबाहेर पडले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. पण ती सांगताना आपण रामशास्त्र्यांना इतक्या उंच चौथऱ्यावर ठेवतो की ‘हे आपल्यासारख्याचं काम नाही’ अशी सोयच होऊन जाते. क्रायसिगची गोष्ट त्यामानाने गैरसोयीची आहे. तो कोणी मुख्य न्यायाधीश नव्हता. तालुक्याच्या पातळीवरचा माणूस होता आणि त्याने जे केलं ते सगळं टपालाने केलं.

हेही सांगायला हवं की नाझी राजवटीत इतरांना नकाराची किंमत जिवाने मोजावी लागलीच. सैनिकाची गोष्ट वेगळी, पत्रकं वाटणाऱ्या विद्यार्थ्यांची वेगळी. प्रश्न न्यायाधीशांचा आहे. त्यांच्यासमोर बंदूक नव्हती. पगार होता, बढती होती, समाजातला मान होता.

“मी सोडून गेलो असतो तर माझ्या जागी कसाई आला असता”

सगळ्या बचावांमधला हा सर्वांत सज्जन दिसणारा बचाव, आणि म्हणून सर्वांत घातक. सिनेमातला यानिंग बराचसा श्लेगेलबर्गरवरून घेतलाय. गुर्टनर १९४१ च्या जानेवारीत मेला आणि श्लेगेलबर्गर न्यायखात्याचा प्रभारी प्रमुख झाला. मी खुर्चीत बसलो ते न्यायखातं पोलिसांच्या घशात जाऊ नये म्हणून, असं त्याचं म्हणणं.

आता त्याच्याच कारकिर्दीतला एक कागद. मार्कुस लुफ्टग्लास नावाच्या वृद्ध ज्यूला अंड्यांची साठेबाजी केल्याबद्दल अडीच वर्षांची शिक्षा झाली होती. हिटलरने ते वर्तमानपत्रात वाचलं आणि ही शिक्षा कमी आहे, याला मारा, असं कळवलं. ऑक्टोबर १९४१ मध्ये श्लेगेलबर्गरने उत्तर दिलं : कैद्याला ठार मारण्यासाठी गेस्टापोच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, ताब्यात दिलं आहे. न्यायालयाने दिलेली शिक्षा बाजूला ठेवून न्यायखात्याच्या प्रमुखानेच कैदी मारेकऱ्यांच्या हवाली केला. खातं वाचवायचं ते नेमकं कशासाठी, हा प्रश्न इथे उरतोच.

निकालपत्राने त्याला शोकान्त व्यक्ती म्हटलं. आपण करतोय त्याची त्याला घृणा होती, तरी त्याने आपली विद्वत्ता विकली, अशा अर्थाचं तिथे लिहिलंय. १९४२ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा हिटलरने त्याला १ लाख राइशमार्कांची भेट दिली.

बळी तो कान पिळी?

म्हणजे, जेते होते म्हणून न्यायाधीश झाले आणि हरलेले होते म्हणून आरोपी. या आक्षेपात बरंच तथ्य आहे आणि सिनेमा ते लपवत नाही. रोल्फ अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाचा १९२७ चा निकाल काढून वाचतो. त्यात ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला ८ विरुद्ध १ मतांनी परवानगी दिली होती. नाझींचा नसबंदीचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. आरोपीच्या पिंजऱ्यात मग नक्की कोण बसायला हवं? नसबंदी झालेल्या पीटरसनची साक्ष माँटगोमेरी क्लिफ्टने दिलीय, ती चुकवू नका. ससा, शिकारी आणि शेत या तीन शब्दांचं एक वाक्य करायची परीक्षा त्याची घेतलेली असते. भर कोर्टात तो ते वाक्य जुळवायला लागतो. मामाने तेव्हा मान खाली घातली होती.

जेत्यांच्या ढोंगाचा मुद्दा खऱ्या खटल्यांतही निघाला. जर्मन नौदलाच्या ड्योनिट्झने व्यापारी जहाजं इशारा न देता बुडवली, असा आरोप होता. अमेरिकन ॲडमिरल निमिट्झ यांनी लेखी कळवलं की पॅसिफिकमध्ये आम्हीही तेच केलं. त्यामुळे ड्योनिट्झची शिक्षा ठरवताना तो मुद्दा न्यायालयाने धरला नाही.

आणि जपानी नेत्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात तर एक भारतीयच आडवा आला. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी बाराशेहून अधिक पानांचं विरोधी मत लिहून सगळ्या जपानी आरोपींना निर्दोष ठरवलं. जपान्यांनी अत्याचार केले नाहीत, असं ते म्हणत नव्हते. आक्रमक युद्ध हा तेव्हाच्या कायद्यात गुन्हाच नव्हता आणि अणुबाँब टाकणाऱ्यांनी इतरांना जाब विचारावा हे कसं, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं मत असं की ‘त्यांनीही केलं’ हे दुसऱ्यालाही पकडायचं कारण आहे, पहिल्याला सोडायचं नाही. पण दुसऱ्याला कधीच पकडलं गेलं नाही, ही खोट आहेच. मामाच्या पोलीसपाटलाचं उत्तरही इथेच आहे. न्यूरेंबर्गला पोलीसपाटील होता : जर्मनीत बसलेली जेत्यांची फौज. २००२ पासून काम करणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे स्वतःचा एक शिपाईही नाही. सदस्य देशांनी पकडून द्यायचं. पुतिन सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाला गेले, तो सदस्य देश आहे, आणि आरामात परत आले. उलट मार्च २०२५ मध्ये फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी मनिलात पकडून हेगला पाठवलं. मर्जीचा मामला आहे. भारत सदस्य नाही, अमेरिकाही नाही.

आपल्याकडचा एक धागा

नाझी जर्मनी आणि आपली आणीबाणी यांना एका पारड्यात घालणं चूक ठरेल, आणि मी घालत नाही. पण २८ एप्रिल १९७६ चा एक निकाल या चर्चेला थेट चिकटलेला आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी ‘येईल’ म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी सरकारच्या वकिलांना विचारलं की उद्या पोलिसांनी एखाद्याचा जीवच बेकायदा घेतला तर? आणीबाणी आहे तोवर उपाय नाही, असं उत्तर आलं. चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. त्यात पुण्याचे य. वि. चंद्रचूड होते. एकट्या खन्नांनी विरोधी मत लिहिलं. हुकुमांची उतरंड म्हणजेच कायदा असं निव्वळ तांत्रिकपणे मानलं, तर नाझींची संघटित हत्याकांडंही कायदा ठरतील, असं त्यात स्पष्ट आहे.

जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं. त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये हा निकाल रद्दबातल ठरवणाऱ्या खंडपीठातले एक न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, य. वि. चंद्रचूडांचे चिरंजीव.

शिक्षेचं पुढे काय झालं?

थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फार नाही. शीतयुद्ध सुरू झालं, अमेरिकेला पश्चिम जर्मनी दोस्त म्हणून हवा झाला आणि तुरुंगांची दारं किलकिली झाली. जन्मठेपेचा श्लेगेलबर्गर चार वर्षं भरायच्या आत प्रकृतीच्या कारणावरून सुटला आणि १९७० पर्यंत, वयाच्या चौऱ्याण्णव वर्षांपर्यंत जगला. रोटहाउगही १९५६ मध्ये बाहेर आला. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर अक्षरं येतात : अमेरिकन विभागातल्या खटल्यांत ९९ जणांना तुरुंगवास झाला, आज एकही आत नाही. पश्चिम जर्मनीच्या स्वतःच्या न्यायालयांची कामगिरी तर याहून फिकी. हिटलरच्या ‘जनता न्यायालया’ने पाच हजारांहून अधिक देहदंड दिले होते. तिथल्या हान्स-योआखिम रेझे या न्यायाधीशाला १९६७ मध्ये शिक्षा झाली, पण वरच्या न्यायालयाने ती रद्द केली आणि १९६८ मध्ये तो निर्दोष सुटला.

सिनेमाच्या शेवटी यानिंग आपल्याला शिक्षा देणाऱ्या अमेरिकन न्यायाधीशाला कोठडीत बोलावून घेतो. लाखोंच्या हत्येपर्यंत गोष्ट जाईल हे मला माहीत नव्हतं, एवढं तरी खरं माना, अशी त्याची विनवणी. त्या न्यायाधीशाचं, म्हणजे स्पेन्सर ट्रेसीचं, उत्तर एका ओळीचं आहे. निर्दोष आहे हे माहीत असलेल्या पहिल्या माणसाला तुम्ही मृत्युदंड दिलात, तेव्हाच गोष्ट तिथपर्यंत गेली होती, असा त्याचा आशय.

नावं संपली. मामा बराच वेळ काही बोलला नाही. चहा टाकायला उठले तर त्याने विचारलं, “त्या पत्रं लिहिणाऱ्याचं पुढे काय झालं?”

क्रायसिगचं? शेती केली, मी सांगितलं. घरात दोन ज्यू बायकांना लपवलं. युद्धानंतर चर्चच्या कामात गेला. जर्मनांनी ज्या देशांचं नुकसान केलं तिथे जाऊन तरुणांनी राबावं, अशी संस्था १९५८ मध्ये काढली. १९८६ मध्ये वारला.

“म्हणजे नुसती नोकरी गेली,” मामा म्हणाला, आणि रिमोट माझ्या हातात देऊन खिडकी उघडायला गेला.